आत्यांच्या कोंबड्या आणि माझं नाक

जगात स्वच्छतेपायी सर्वांत जास्त हाल कोणाचे झाले असतील, तर ते भोसरीच्या आमच्या घरमालकीणबाईंच्या कोंबड्यांचे. घाणीमुळे आजारी पडलेली माणसं मी पुष्कळ पाहिली. त्यांच्यासाठी दवाखाने असतात, भिंतींवर सूचना रंगवलेल्या असतात. पण स्वच्छतेने बेजार झालेल्या जिवांची दाद कोणी घेत नाही. त्या बेचाळीस पांढऱ्याशुभ्र कोंबड्या रोज सकाळ-संध्याकाळ ओल्या फरशीवर एक पाय पोटाशी घेऊन उभ्या राहायच्या आणि आम्हा भाडेकरूंकडे ज्या नजरेने बघायच्या, ती नजर मला अजून आठवते. सासरी पहिल्या आठवड्यात नव्या सुनेची असते, साधारण तशी.

घरमालकीणबाईंना आम्ही सगळे आत्या म्हणत असू. त्यांचं खरं नाव मी कधी विचारलं नाही आणि त्यांनीही माझं कधी उच्चारलं नाही. त्यांच्या लेखी सगळे भाडेकरू ‘बाबा’ होते आणि सगळ्या कोंबड्या ‘बाई’. ‘ए बाबा, पाय धू’ आणि ‘ए बाई, पाय उचल’ या दोन वाक्यांवर त्यांचा संसार चालायचा. सत्तर सालानंतरचे ते दिवस. भोसरीच्या माळावर रोज एक नवी शेड उभी राहत होती. आत्यांचं शेत त्या औद्योगिक वसाहतीत गेलं होतं. जिथे त्यांची ज्वारी उभी राहायची तिथे आता लेथ फिरत होते. यजमान त्याआधीच वारलेले, पोटी मूल नाही. उरलेल्या तुकड्यावर त्यांनी ओळीने चार खोल्या बांधल्या, एकीत स्वतः राहिल्या, तीन आमच्यासारख्या पोटासाठी आलेल्यांना दिल्या, आणि खोल्यांच्या मागे कडुनिंबाखाली फरशी घालून, जाळी ठोकून, वर पत्रा टाकून कोंबड्यांचं खुराडं केलं. आमच्या खोल्यांना फरशी नव्हती. खुराड्याला होती, कारण फरशी धुता येते.

धुणं हा आत्यांचा छंद नव्हता, तो त्यांचा श्वास होता. अंगण तीनदा झाडून झालं की त्या कडुनिंबाचा बुंधा हाताला येईल तिथपर्यंत धुवत. चुलीत घालायची लाकडं फडक्याने पुसून घेत. माझी सायकल दारात आली की आधी तिची चाकं धुतली जात आणि मगच मी. शेजारच्या खोलीत बीडकडचा एक टर्नर राहायचा, गणपत त्याचं नाव. तो पाळीवरून तेलकट कपड्यांत आला, की आत्या त्याला अंगणातल्या ठरावीक दगडावर उभा करत आणि लांबूनच म्हणत, ‘‘झटक.’’ तो बिचारा सतरंजी झटकावी तसा स्वतःला झटकायचा. तिसऱ्या खोलीतले रहीमभाई जुन्नरकडचे, स्कूटरी दुरुस्त करायचे. त्यांनी एकदा दारात उघडून ठेवलेला कार्ब्युरेटर आत्यांनी राखेने घासला, चिंचेने लख्ख केला आणि तुळशीपाशी उन्हात वाळत घातला. रहीमभाई आले, त्यांनी डोक्याला हात लावला आणि म्हणाले, ‘‘या अल्ला! आत्या, ही गाडी हाय, समई न्हाई.’’ ती स्कूटर पुढे तीन दिवस खोकत होती, पण दिसायला मात्र देवघरातली वाटत होती.

मी एका कारखान्यात मालाच्या तपासणी विभागात होतो. एकदा आत्यांनी विचारलं, ‘‘तू दिसभर करतोस तरी काय रं बाबा?’’ मी सांगितलं, की लोकांनी केलेला माल मी गेज लावून बघतो. मापात असला तर पास, नसला तर रिजेक्ट. त्यांनी हातातला खराटा भिंतीला टेकवला. ‘‘आन् ह्याचा पगार देत्यात?’’ मी म्हटलं, देतात. ‘‘मी तर जलमभर फुकाटच केलं की!’’ त्या दिवसापासून त्यांनी माझी परिभाषा उचलली. दूधवाल्याचं दूध बोटावर घेऊन म्हणायच्या, ‘‘रिजेक.’’ भाचीसाठी स्थळ बघून आल्या आणि आम्हाला सांगितलं, ‘‘नाक बरं हाय, बोलनं बरं हाय, पर टाचा काळ्या. रिजेक.’’ पास हा शब्दही त्यांना येत होता, पण त्यांनी कशाला पास केलेलं मी वर्षभरात पाहिलं नाही.

तर त्या खुराड्याची फरशी. आत्या ती सकाळ-संध्याकाळ चार-चार बादल्या पाणी ओतून खराट्याने घासत. नुसत्या फरशीवर कोंबड्यांच्या पायांना जखमा होऊ लागल्या, अंडी फुटू लागली, तेव्हा कोणीतरी त्यांना सांगितलं की खाली काहीतरी अंथरावं लागतं. मग आत्या त्या अंथरुणाच्या मागे लागल्या. काही माणसं मुलीसाठी स्थळ शोधताना एवढी चौकशी करत नाहीत. आधी गव्हाचं काड आणलं. ते अंथरायच्या आधी आत्यांनी धुतलं. चौथ्या दिवशी त्याचा लगदा झाला आणि त्यावर पांढरी बुरशी चढली. रिजेक. मग चाकणहून त्यांच्या भावाने कांद्याच्या वाळक्या फोलपटांची तीन पोती पाठवली. भाऊ कांद्याच्या बाजारात हमाली करायचा, त्यामुळे फोलपटं हवी तेवढी होती. आत्यांचा हिशेब असा, की कांद्याचा वास उग्र, तो कोंबड्यांचा वास खाऊन टाकील. प्रत्यक्षात दोन्ही वास एकमेकांना अजिबात न खाता गुण्यागोविंदाने राहिले. शिवाय बेचाळीस कोंबड्यांनी पंख फडफडवले की ती गुलाबी फोलपटं वाऱ्यावर उठायची आणि आमच्या आमटीत, गणपतच्या केसांत, दोरीवरच्या कपड्यांत जाऊन बसायची. महिनाभराने गावी गेलो तेव्हा माझ्या पांघरुणाच्या घडीतून एक निघालं.

तिसरा प्रयोग माझा, हे कबूल करायला हवं. आमच्या कारखान्यात मशिनपाशी तेल सांडलं की त्यावर लाकडाचा भुसा टाकायचे, भुसा तेल शोषून घ्यायचा, मग झाडूवाला तो गोळा करून मागे ढीग लावायचा. त्या ढिगातला वरचा, मला कोरडा वाटलेला भुसा मी रीतसर परवानगी काढून दोन पोती भरून आणला. मी, ज्याचं काम केसाएवढी चूक पकडण्याचं, त्याने तो भुसा साधा चिमटीत धरून पाहिला नाही. कोंबड्यांना मात्र तो फार आवडला. कोंबडी स्वच्छ होण्यासाठी धुळीत लोळते. त्या सगळ्या दुपारभर त्यात मनसोक्त लोळल्या. संध्याकाळी मी कामावरून आलो तर खुराड्यात बेचाळीस काळपट, तेलकट, चकाकणारी पाखरं बसली होती आणि एकही ओळखू येत नव्हती. गणपतने कंपनीतलं लोहचुंबक आणून भुशातून फिरवलं, तर त्याला मूठभर लोखंडाचा कीस चिकटून आला. आत्यांनी पदर खोचला, कपडे धुण्याचा साबण काढला आणि दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर एकेका कोंबडीला मांडीवर घेऊन अंघोळ घातली. पुसायला आमचे टॉवेल, रहीमभाईंची चादर आणि गणपतची लुंगी घेतली. अंगणभर बाजांवर गुंडाळलेल्या कोंबड्या उन्हाला ठेवलेल्या, आणि मधोमध आत्या ओल्याचिंब बसून म्हणतायत, ‘‘आता कशा मानसात आल्या!’’

पण भुसा असो की काड, आत्यांचं पाणी काही थांबत नव्हतं. जे अंथरलं असेल त्यावर त्या दोन्ही वेळा बादल्या ओतायच्या आणि खाली सगळ्याचा एकच काला व्हायचा. दिवाळीनंतर त्या काल्याला असा वास सुटला, की डोळ्यांत झोंबायचं. वास येतो म्हणून आत्या आणखी धुवायच्या, धुतलं म्हणून आणखी वास यायचा. आम्ही पुरुष दिवसभर बाहेर असायचो. पण माझी बायको तेव्हा तिसऱ्या महिन्यात होती. तिला फोडणीचा वास सोसत नव्हता, तिथे हा. सकाळी खुराडं धुतलं की ती मोरीपाशी जाऊन बसायची ती अकरा वाजेपर्यंत उठायची नाही. तिचा चेहरा आठवड्यात अर्धा झाला. दुसरी खोली मिळेना. सगळ्या महाराष्ट्रातून माणसं भोसरीला येत होती आणि खोलीला माणसं रांग लावून होती. आत्यांना तोंडावर सांगायची माझी छाती नव्हती, कारण ह्याच आत्या तिला रोज लिंबू, चिंच आणि धुतलेलं अंडं आणून देत होत्या. शेवटी गणपत म्हणाला, ‘‘भाऊ, तुमचं अक्षर चांगलंय, अर्ज लिहा.’’ आणि मी लिहिला. ‘सदर खुराड्यातून येणाऱ्या असह्य दुर्गंधीने आम्हां भाडेकरूंच्या नाकी नऊ आले असून’ वगैरे. तिघांनी सह्या केल्या, गणपतने तो रजा काढून नगरपालिकेच्या कचेरीत नेऊन दिला, आणि आम्ही तिघेही त्या दिवसापासून आत्यांना पाहिलं की फार अदबीने वागू लागलो.

आठवड्याने शिपाई येऊन नोटीस देऊन गेला. आत्यांना वाचता येत नव्हतं. त्या नोटीस घेऊन सरळ माझ्याकडे आल्या. ‘‘वाच रं बाबा.’’ मी वाचायला लागलो आणि दुसऱ्याच ओळीत माझं स्वतःचं वाक्य मला भेटलं. कारकुनाने ते जसंच्या तसं उतरवून घेतलं होतं. पंधरा दिवसांनी साहेब पाहणीला येतील, तोवर दुर्गंधी बंद झाली नाही तर खुराडं उठवण्यात येईल, असं पुढे होतं. आत्यांनी विचारलं, ‘‘वास कसा म्हनं?’’

‘‘असह्य.’’

‘‘म्हंजी?’’

‘‘सहन न होणारा.’’

‘‘आसं व्हय,’’ त्या म्हणाल्या आणि नोटिशीची नीट चौपदरी घडी करून कमरेला खोचली. मग माझ्याकडे बराच वेळ बघून म्हणाल्या, ‘‘मग आता तूच रोज सकाळी वास घ्यायचा. तू तपासनीस हायस. पास का रिजेक, त्येवढं सांगायचं.’’ तिघा भाडेकरूंतून मीच का, असं विचारायची माझी हिंमत झाली नाही.

त्यांच्या भावाने सुचवलं की चाकणला ढोरांचा एक डॉक्टर नवा आलाय, त्याला दाखवा. रविवारी मी आणि आत्या एसटीने निघालो. आत्यांनी खुराड्यातला तो काला एका स्वच्छ धुतलेल्या फडक्यात बांधून, वर इस्त्रीच्या टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतला होता. गाडी मोशीला पोचायच्या आत आमच्या पुढची दोन बाकं आणि मागची तीन रिकामी झाली. कंडक्टर लांबूनच ओरडला, ‘‘मावशे, गठुड्यात काय हाय?’’ आत्या शांतपणे म्हणाल्या, ‘‘नमुना.’’ हाही शब्द माझाच. डॉक्टर अगदी तरुण होता. त्याने गाठोडं सोडलं, मान मागे घेतली आणि विचारलं, ‘‘किती वेळा धुता?’’ आत्यांनी अभिमानाने सांगितलं, ‘‘सकाळ-संध्याकाळ. सनावाराला तीनदा.’’ तो म्हणाला, ‘‘आजपासून एक थेंब पाणी नाही.’’ आणि मग त्याने नीट समजावलं. सगळं काढायचं, फरशी खडखडीत वाळवायची, वर वीतभर भाताचं तूस पसरायचं. घाण पडेल ती तशीच पडू द्यायची. रोज सकाळी दाताळ्याने तूस वरखाली करायचं. पाण्याचं भांडं विटांवर उंच ठेवायचं, म्हणजे सांडणार नाही. सांडलंच तर तेवढीच ओली जागा काढून नवं तूस टाकायचं. कोरडं राहिलं की घाण तिथल्या तिथे मुरते. आणि बरोबर जमलंय की नाही हे बघायला मूठभर तूस घेऊन आवळायचं: गोळा राहिला तर ओलं आहे, हात उघडल्यावर हलकेच मोकळं झालं तर ठीक.

‘‘आन् मग धुवायचं कवा?’’ आत्यांनी विचारलं.

‘‘वर्षानंतर. सगळं एकदम काढाल तेव्हा.’’

भोसरीला उतरल्यावर, चालता चालता, आत्या एकदम म्हणाल्या, ‘‘वरीसभर घान घरात ठिवायची, आन् ह्यो म्हनं शिकल्याला!’’ मी म्हटलं, आत्या, पंधरातले चार दिवस गेले. तेव्हा त्या खुराड्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या. कोंबड्या नेहमीसारख्या एका पायावर उभ्या होत्या. ‘‘श्येत न्हेलं तवा कुनी मला इचारलं न्हाई,’’ त्या हळूच म्हणाल्या. ‘‘बैल इकलं, तवाबी म्या काय बोलले न्हाई. आता ह्या बाया बी न्हेल्या, तर सकाळच्याला उठून हाक तरी कुनाला मारू?’’ मला स्वतःची फार लाज वाटली. सांगून टाकावं असं वाटलं, पण मी म्हणालो ते एवढंच, की तुसाची व्यवस्था बघतो.

व्यवस्था रहीमभाईंनी केली. त्यांच्या ओळखीच्या टेम्पोने मावळातल्या भात गिरणीतून तुसाची पोती आली. तूस धुवायचं नसतं हे पटवण्यात एक सकाळ गेली. मग आत्यांनी एक गोष्ट केली, ती मी कधी विसरणार नाही. त्यांनी आपल्या दोन्ही बादल्या आणि खराटा आणून माझ्या बायकोच्या स्वाधीन केला आणि म्हणाल्या, ‘‘पोरी, ह्ये तुझ्या खोलीत ठिव. म्या मागितलं तरी दिऊ नको. रडले तरी दिऊ नको.’’ दारू सोडणारा माणूस बाटल्या शेजाऱ्याकडे ठेवतो, तसला प्रकार. दुसऱ्याच दिवशी दुपारी बायकोने त्यांना खुराड्यात हातात तांब्या घेऊन उभं असताना पकडलं. आत्या म्हणाल्या, मी पीत होते. तिसऱ्या दिवशी त्या आमच्या खोलीच्या दाराशी येऊन बसल्या, गप्पा मारल्या, आणि जाता जाता सहज म्हणाल्यासारखं म्हणाल्या, ‘‘बादलीला गंज चढंल गं, जरा इसळून दिऊ का?’’ बायकोने दिली नाही. त्या पंधरवड्यात भोसरीत जे काही धुण्यासारखं होतं ते सगळं आत्यांनी वाटी-वाटी पाण्याने धुतलं, फक्त खुराडं सोडून.

रोज सकाळी सहाला, पहिल्या पाळीला निघायच्या आधी, माझी तपासणी असे. आत्या तूस वरखाली करून मूठ भरत, आवळत, माझ्यासमोर उघडत आणि मग ती माझ्या नाकाखाली धरत. पहिल्या दिवशी अपराधीपणापोटी मी पटकन म्हणालो, पास. आत्यांनी मूठ मागे घेतली नाही. ‘‘तुमच्या कंपनीत आसंच पास करतोस व्हय? नीट घे.’’ मी नीट घेतला आणि डोळ्यांत पाणी येऊन म्हणालो, रिजेक्ट. पत्र्याला भोक होतं, तिथून दव ठिबकून कोपरा ओला होत होता. रहीमभाईंनी वर चढून डांबर लावलं. पुढच्या दिवशी पाण्याचं भांडं कलंडलं, पुन्हा रिजेक्ट. गणपतने कंपनीतून बसकं, जड भांडं आणून विटांवर बसवलं. अर्जावर सह्या केलेले आम्ही तिघे कोंबड्यांसाठी असे राबत होतो, की कोणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, काय ही माणसं! मग एका सकाळी आत्यांनी मूठ उघडली, तूस बोटांमधून सैलसर निसटलं, मी श्वास घेतला आणि काहीच आलं नाही. म्हणजे वास होता, पण कडुनिंबाच्या वाळल्या पाचोळ्याखालची माती असते तेवढाच. मी पुन्हा घेतला. तितक्यात मागे पाहिलं तर बायको खुराड्याच्या बाजूला, दारातल्या दगडावर बसून भाकरी खात होती. महिनाभरात ती तिथे बसली नव्हती. मी म्हणालो, पास. आत्यांनी मान हलवली आणि दाताळं उचललं.

पाहणीचा दिवस आला. पहाटे बादलीचा आवाज ऐकून माझं धाबं दणाणलं. पण त्यांनी बादली कोणाच्या तरी घरून मागून आणून फक्त बाहेरचा रस्ता धुतला होता. साहेब आले ते नाकाला रुमाल लावूनच आले. जाळीपाशी थांबले. आत्या आत गेल्या, मूठभर तूस घेतलं, आवळलं, बाहेर आल्या आणि साहेबांच्या रुमालाखाली हात नेऊन मूठ उघडली. साहेब दचकले, पण वास घेतला. रुमाल खाली आला. पुन्हा घेतला. ‘‘कमाल आहे,’’ ते म्हणाले, ‘‘मातीसारखा येतोय.’’ आतमध्ये बेचाळीस कोंबड्यांतल्या काही दोन्ही पायांवर उभ्या होत्या आणि काही तुसात लोळत होत्या.

माझा जीव भांड्यात पडतो न पडतो, तोच साहेबांनी फाइल उघडली. ‘‘तक्रार मिटल्याची अर्जदाराची सही लागेल,’’ म्हणाले, आणि अर्ज काढून माझं नाव, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, खणखणीत आवाजात वाचलं. गणपत वर कडुनिंबाकडे बघू लागला. रहीमभाईंना एकदम स्कूटरचं काहीतरी आठवलं. पायाखालची जमीन दुभंगावी असं पुस्तकात वाचलेलं मला त्या क्षणी अगदी खरं हवं होतं. मी आत्यांकडे पाहूच शकलो नाही.

‘‘ये की रं पुढं,’’ आत्या म्हणाल्या. ‘‘लाजतोस कशाला? साहेब, रोज सकाळच्याला सा वाजता ह्येलाच तर इचारतीया म्या. ज्येच्या नाकाला वास आला, त्येनंच गेला म्हनावं. दुसऱ्या कुनी म्हनून काय उपेग?’’

मी पुढे होऊन सही केली. साहेब गेल्यावर मी म्हणालो, ‘‘आत्या, तुम्हाला कधी कळलं?’’

‘‘अर्ज गेला त्याच दिसापास्नं तू लई ग्वाड बोलाया लागलास. आधी कुठं बोलत व्हतास?’’ त्या हात झटकत म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, आमच्या खोलीकडे बघत, ‘‘पोरगी मोरीपाशी बसायची ती मला दिसत न्हवतं व्हय? मी म्हनायची, धुतलं की थांबंल. आजून धुवू, आजून धुवू. तू तोंडानं म्हनायचं हुतंस, बाबा. कागद कशाला?’’ इतके दिवस छातीवर घेऊन हिंडत होतो ते ओझं एका वाक्यात उतरलं. त्या दुपारी मी आडवा झालो तो सहा वाजता उठलो. बायको म्हणाली, आत्या दोनदा बघून गेल्या, हा जिवंत आहे ना म्हणून.

मुलगी झाली तेव्हा पहिली अंघोळ आत्यांनीच घातली, आणि त्या कोंबड्यांना घातली होती त्याहून जराही कमी निगुतीने नाही. दोन वर्षांनी आम्ही निगडीला प्राधिकरणात राहायला गेलो आणि मी गॅलरीत गुलाबाच्या कुंड्या मांडल्या. एक दिवस दुपारी दार वाजलं तर बाहेर आत्या, आणि रिक्षावाल्याने उतरवलेलं एक पोतं. खुराड्यातलं वर्षाचं तूस काढलं होतं, ते मुरून काळंभोर खत झालं होतं. ‘‘तुझ्या गुलाबाला,’’ म्हणाल्या. पाणीही न पिता त्यांनी पोतं सोडलं, मूठ भरली, आवळली, माझ्या नाकाखाली उघडली.

‘‘पास का?’’

‘‘पास, आत्या.’’

‘‘खोटं न्हाई न्हवं?’’

‘‘नाही.’’

मग त्या निवांत बसल्या, चहा घेतला, आणि जायच्या आधी आमचा जिना वरपासून खालपर्यंत धुतला.

पुढे त्यांचे गुडघे गेले, कोंबड्या भावाकडे चाकणला गेल्या आणि पाठोपाठ आत्याही. त्या वारल्याचं मला रहीमभाईंकडून उशिरा कळलं. खुराड्याच्या जागी आता एक वर्कशॉप आहे. कडुनिंब आहे, पण त्याचा बुंधा कोणी धूत नाही. मी दर हिवाळ्यात कुंड्या भरायला घेतो तेव्हा खताची मूठ भरून आवळतो, उघडतो आणि नाकाशी नेतो. कधी कधी ते जरा ओलं असतं, वास येतो, आणि चालवून घ्यावंसं वाटतं. आता विचारणारं कोणी नाही. तरीही मी ते उन्हात पसरतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वास घेतो, नीट.